पर्यावरण दिनी दाखवलेला प्रलय: सोलापुरातल्या एका चित्रपट मंडळाचं प्रकरण

हे प्रकरण सोलापुरातल्या एका छोट्या चित्रपट मंडळाचं आहे. मंडळाचं नाव, सभागृह आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. मी या मंडळाची सभासद नाही. खेळाला मी प्रेक्षक म्हणून गेले होते आणि पुढे जी बैठक झाली, ती चालवायला मला बोलावलं गेलं. इथे ज्यांचं बोलणं आलं आहे, त्यांना त्यांचा भाग वाचून दाखवला आहे. अशा खेळांनंतर जे होतं ते बहुतेक ठिकाणी 'लोकांना झेपलं नाही' या एका वाक्यात गुंडाळून ठेवलं जातं. ते तसं गुंडाळू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहिलं.

पार्श्वभूमी

सोलापूरला सिनेमाचं वेड नवं नाही. पूर्व भागात तेलुगू चित्रपटाचा पहिला खेळ म्हणजे सण असतो. मराठी, हिंदी, कन्नड आणि तेलुगू अशा तीन-चार भाषा कळणारी माणसं इथे घरोघरी आहेत. पण महिन्यातून एकदा भाड्याच्या सभागृहात जगभरचे चित्रपट दाखवायचे आणि त्यावर बोलायचं, हे काम इथे फार थोडे लोक करतात. या मंडळाने ते बरीच वर्षं नेटाने केलं. सभासदांत शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले, काही डॉक्टर आणि महाविद्यालयीन मुलं. चित्रपट निवडायचे ते संस्थापकांनीच. त्यांना सगळे 'सर' म्हणतात. सरांचा अभ्यास मोठा आणि त्यांचं या कामावरचं प्रेम खरं आहे, हे आधीच सांगून ठेवते.

सरांनी 5 जूनसाठी निवडलेला चित्रपट होता 'व्हिजिटर टू अ म्युझियम', 1989 चा, सोव्हिएत दिग्दर्शक कॉन्स्टँटिन लोपुशान्स्की यांचा. लोपुशान्स्कींनी तरुणपणी नामवंत सोव्हिएत दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्की यांच्या 'स्टॉकर' या चित्रपटावर साहाय्यक म्हणून काम केलं. 1986 साली त्यांनी अणुयुद्धानंतरच्या जगावर 'लेटर्स फ्रॉम अ डेड मॅन' केला. नंतरच्या या चित्रपटात युद्ध नाही. पृथ्वी माणसाने केलेल्या घाणीखाली गेली आहे, नजर जाईल तिथवर कचऱ्याचे ढीग, मधूनच पेटलेले. समुद्राने गिळलेल्या शहरात एक संग्रहालय आहे आणि ओहोटीच्या थोड्या दिवसांतच तिथवर चालत जाता येतं. ते पाहायला एक प्रवासी येतो. जन्मतः व्यंग असलेली असंख्य माणसं वेगळ्या वस्त्यांत कोंडलेली आहेत. धडधाकट लोकांच्या घरांत देव उरलेला नाही, करमणूक उरली आहे. प्रार्थना जिवंत आहे ती फक्त त्या कोंडलेल्यांत. 'आम्हाला इथून सोडव' एवढीच ती प्रार्थना. या प्रवाशाला ते आपला दूत मानू लागतात. सव्वादोन तास हे सगळं बहुतेक लाल-काळ्या उजेडात चालतं, आणि शेवटी एक माणूस आक्रोश करत ओसाडातून चालत राहतो.

जाहिरात करताना काय ठरलं

निवड झाल्यावर कार्यकारिणीत अर्धा तास चर्चा झाली ती चित्रपटावर नव्हे, त्याच्या पत्रकावर. सचिवांचं म्हणणं असं की पत्रकात 'देव', 'प्रार्थना', 'ख्रिस्ती' यातलं काही आलं की व्हॉट्सअॅपवर कुणीतरी ते पुढे ढकलणार आणि नको तो वाद सुरू होणार. ही भीती अगदीच हवेतली होती असं मी म्हणणार नाही. शिवाय तुळजापूर रस्त्यावरच्या कचरा डेपोला उन्हाळ्यात आग लागते, धूर येतो, हे गावाला नवं नाही. कचरा हा विषय इथे प्रत्येकाच्या नाकाशी आहे. मग पत्रक निघालं ते असं: 'जागतिक पर्यावरण दिनानिमित्त खास खेळ. कचऱ्याखाली गेलेल्या पृथ्वीची कहाणी. सर्वांना प्रवेश.' त्या दिवसापुरतं सगळ्यांना पाहुणे सभासद करून घ्यायचं ठरलं.

माझ्या मते प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय हाच, आणि तो कुणालाच निर्णय वाटला नाही. श्रद्धाळू प्रेक्षक भांडतील म्हणून चित्रपटातली श्रद्धा लपवली. त्यामुळे सभागृहात जे आले ते माहितीपट पाहायच्या तयारीने आले. एका शाळेच्या शिक्षिका हरित सेनेची आठवी-नववीची मुलं घेऊन आल्या. घरची म्हातारी माणसं आली. जुळे सोलापुरातली एक आई तिच्या विशीतल्या मुलाला घेऊन आली. मुलाला डाउन सिंड्रोम आहे. त्याला झाडं लावायची आवड, आणि पत्रक पर्यावरणाचं होतं.

खेळाच्या संध्याकाळी

सबटायटल इंग्रजीत होती. प्रास्ताविक केलं नाही, कारण पहिला परिणाम कोरा राहावा असा सरांचा आग्रह असतो. मध्यंतर नव्हतं. अर्ध्या तासात मागच्या दारातून माणसं जायला लागली. जाणारी माणसं रागाने जात नव्हती, 'कधी सुरू होणार हो?' असं शेजाऱ्याला विचारत थोडा वेळ थांबून जात होती.

मग वस्तीतल्या माणसांची दृश्यं सुरू झाली. ती माणसं नट नाहीत, खरोखर बौद्धिक अक्षमता असलेली माणसं आहेत, हे पाहताक्षणी कळतं. आईशेजारी बसलेल्या मुलाने पडद्याकडे बोट केलं आणि मोठ्याने म्हणाला, "आई, हा बघ, माझ्यासारखा." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हसून मान हलवली. त्याला सबटायटल वाचता येत नव्हती, तिला येत होती. धडधाकट पात्रं त्या माणसांचा उल्लेख कसा करतात, ते खाली इंग्रजीत येत होतं. तो मात्र पडद्यावरच्या त्या मुलाला हात हलवून दाखवत होता. पडद्यावर सगळे एका सुरात विव्हळू लागले तेव्हा मागच्या रांगेतली शाळेची मुलं फिसफिसत हसली, एकाने तो आवाज काढून दाखवला. शिक्षिकेने दटावलं. आईने मुलाची पिशवी उचलली, त्याचा हात धरला आणि दोघं बाहेर गेली. तो दारापर्यंत वळून वळून पाहत होता, त्याला जायचं नव्हतं.

दिवे लागले तेव्हा सभागृहात पस्तीस-चाळीस माणसं असतील. सरांनी बोलायला सुरुवात केली: लांबलचक शॉट, रंगयोजना, तारकोव्हस्कींचा वारसा. ते छान बोलत होते. एक गृहस्थ मध्येच उठले. "सर, हे सगळं ठीक हाय. पण आम्हाला त्रास झाला, तो कुणाला सांगायचा?" सर म्हणाले, "हा चित्रपट सगळ्यांसाठी नाही." ते कडवटपणे म्हणाले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी गावात चित्रपटापेक्षा हे वाक्यच जास्त फिरलं.

प्रश्न नेमका कोणता होता

पुढच्या आठवड्यात मंडळाकडे जे येत गेलं ते सगळं एकाच फाईलमध्ये 'तक्रारी' म्हणून लावलं गेलं. शाळेचं पत्र: मुलांना असं दाखवण्याआधी कल्पना का दिली नाही? एका सभासदाची वर्गणी परत मागणारी चिठ्ठी. ग्रुपवर एकाचा संदेश की पर्यावरणाच्या नावाखाली ख्रिस्ती प्रचार चालू आहे. त्याच ग्रुपवर एका ख्रिस्ती सभासदाच्या मुलीचा संदेश की येशूची ही विटंबना आहे. दोन-तीन महाविद्यालयीन मुलांनी लिहिलं की त्यांनी आजवर पाहिलेला हा सर्वांत मोठा चित्रपट आहे. आईने ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. तिने सचिवांना एक व्हॉइस मेसेज पाठवला, शांत आवाजात, आणि तो सचिवांनी तीन दिवस कुणाला ऐकवला नाही.

कार्यकारिणीचं निदान झटकन झालं: चित्रपट जड होता, गावाला झेपला नाही. मला हे निदान तेव्हाही पटलं नव्हतं. शाळेची तक्रार चित्रपटाबद्दल नव्हतीच, ती माहिती न दिल्याबद्दल होती, आणि ती शंभर टक्के रास्त होती. वर्गणी मागणाऱ्याला कंटाळा आला होता. कंटाळ्याला उत्तर द्यावं लागत नाही, तो ज्याचा त्याचा हक्क आहे. प्रचार आणि विटंबना हे दोन आरोप एकाच चित्रपटावर एकाच दिवशी झाले, याचा अर्थ दोघांनीही त्यात काहीतरी खरोखरीचं धार्मिक पाहिलं होतं. त्यावर बोलणं शक्य होतं. आणि आईचं म्हणणं यातल्या कशातच बसत नव्हतं. ते आवडीनिवडीचं नव्हतं, श्रद्धेचंही नव्हतं. पडद्यावर आणि सभागृहात तिच्या मुलासारख्या माणसांशी कसं वागलं गेलं, याबद्दलचं ते होतं. सगळ्यांना एकच उत्तर द्यायला गेलं की तिलाच सगळ्यात खोटं उत्तर मिळणार होतं.

समोर असलेले पर्याय

खजिनदारांना वाटत होतं की दोन महिने शांत बसावं आणि एखादा हलकाफुलका इराणी चित्रपट दाखवून पुन्हा सुरुवात करावी. वादातून मंडळ वाचवायचा हा जुना आणि पुष्कळदा चालणारा मार्ग आहे. दुसऱ्या एका सदस्याने नियमच सुचवला: इथून पुढे 'कुटुंबासह पाहता येईल' तेच. यावर सरांनी राजीनाम्याची भाषा केली आणि मला त्यांचा राग समजतो. या नियमाने मंडळ उरलं असतं, त्याचं काम उरलं नसतं.

सरांचा स्वतःचा प्रस्ताव पुण्याहून एखादा अभ्यासक आणून व्याख्यान ठेवण्याचा होता. लोकांना कळलं नाही, तर समजावून सांगू. मी या पर्यायाच्या विरोधात बोलले. त्या संध्याकाळी लोकांना बोलायचं होतं आणि त्यांना ऐकावं लागलं. पुन्हा ऐकायलाच बोलावलं तर येतील कोण?

सचिवांनी एक सार्वत्रिक दिलगिरीचं पत्रक लिहून ठेवलं होतं, गुळगुळीत, कुणालाही उद्देशून असेल असं. ते पाठवायच्या आधी त्यांनी एकदाचा तो व्हॉइस मेसेज बैठकीत लावला. तो संपल्यावर पत्रकाचा विषय कुणी काढला नाही. ठरलं ते एवढं: चित्रपटाबद्दल ज्यांना बोलायचं आहे त्यांची एक बैठक घ्यायची, तिथे मंडळाने बाजू मांडायची नाही. आईकडे वेगळं, तिच्या घरी जायचं.

बैठक

बैठक पूर्व भागातल्या एका वाचनालयाच्या खोलीत, सतरंजीवर गोल बसून झाली. सभागृह मुद्दाम टाळलं. तारीख ठरवताना एका आजोबांनी निरोप पाठवला होता: "आषाढीच्या आत घ्या, नंतर मी सापडणार नाही." हे आजोबा गिरणीत जन्म घालवून निवृत्त झालेले, वारकरी. गिरणी बंद पडली तेव्हाची देणी मिळवायला त्यांची कितीतरी वर्षं गेली. खेळाला ते नातीबरोबर आले होते आणि शेवटपर्यंत बसले होते.

सरांनी पहिला तासभर बोलायचं नाही असं ठरलं आणि त्यांनी ते पाळलं. 'आवडला का' हा प्रश्न मी काढून टाकला, कारण त्याचं उत्तर आलं की बोलणं संपतं. त्याऐवजी प्रत्येकाला विचारलं: कुठल्या ठिकाणी उठून जावंसं वाटलं, आणि गेला नसाल तर का थांबलात?

आजोबांनी मांडी बदलली, टोपी काढून पुढ्यात ठेवली. "मला इंग्रजी येत नाही, त्यामुळं निम्मं कळलंच नाही. पण ती माणसं वर बघून ओरडायलीत, ते कळलं की. आपले नामदेवराय काय वेगळं करायलेत? तुकोबांचे करुणेचे अभंग काय हायत? जनाबाई तर देवाला सरळ शिव्या घालते. देवाशी भांडणारा माणूस देवाच्या जवळच असतोय. मला भीती वाटली ती दुसऱ्यांची. तो पाहुणा ज्यांच्याकडं उतरलाय त्यांची. खायलेत, प्यायलेत, नाचायलेत, बाहेर सगळं जळायलंय आणि त्यांना देव पण नको, भांडण पण नको. तिथं मला उठावंसं वाटलं."

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. सर चित्रपटावर लिहितात, बोलतात, पण ते नंतर मला म्हणाले की इतक्या वर्षांत चित्रपटातल्या त्या घरातल्या माणसांकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं नव्हतं.

मिशन दवाखान्यात नोकरी केलेल्या एक निवृत्त नर्स होत्या. विटंबनेचा संदेश त्यांच्याच मुलीचा. त्या म्हणाल्या, "मुलीला राग आला, मला राग नाही आला. मला झोप लागली नाही. आमच्या प्रकटीकरणाच्या पुस्तकात सगळा नाश होतो, पण शेवटी नवं यरुशलेम येतं, देव स्वतः डोळ्यांतलं पाणी पुसतो. इथे ते येतच नाही. नाशापाशीच थांबवलंय. मग मी घरी जाऊन विलापगीत काढून वाचलं. तेही बायबलातच आहे ना."

प्रचाराचा आरोप करणारे गृहस्थही आले होते, हे मला महत्त्वाचं वाटतं. नर्सबाई त्यांना म्हणाल्या की हा चित्रपट आमच्या चर्चमध्ये दाखवला तर निम्मे लोक उठून जातील, यातून कोण कशाला ख्रिस्ती होईल. याच चित्रपटाला 1989 च्या मॉस्को चित्रपट महोत्सवात 'रौप्य सेंट जॉर्ज' या पुरस्काराबरोबर ख्रिस्ती संप्रदायांच्या संयुक्त परीक्षक मंडळाचं पारितोषिक मिळालं होतं. तेही तिथे सांगितलं, त्यामुळे विटंबनेचं म्हणणारी मुलगी थोडी विचारात पडली. गृहस्थांचं मत मात्र बदललं नाही. ते म्हणाले, "आधी सांगितलं असतं की हा देवाधर्माचा सिनेमा आहे, तर मी माझ्या मर्जीने आलो असतो किंवा नसतो आलो. मला फसवून बसवलं याचा राग आहे." यावर मंडळाकडे उत्तर नव्हतं आणि कुणी देण्याचा प्रयत्न केला नाही.

टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका मुलाने शेवटी जे म्हटलं ते मी वहीत लिहून घेतलं: "त्या वस्तीतली माणसं नकोशी हायत, पण राबायला चालतात. एवढं एकच मला पहिल्यांदा बघून कळलं, बाकी दुसऱ्यांदा बघावं लागंल."

आईकडे

आई बैठकीला आली नाही. तिने फोनवर सांगितलं, "तिथे येऊन मी परत सगळ्यांना समजावत बसायचं का? ते तर मी रोज करते." सचिव आणि मी तिच्या घरी गेलो. मुलाने आम्हाला गॅलरीतल्या कुंड्या दाखवल्या, प्रत्येक झाडाचं नाव सांगितलं, मग आत जाऊन टीव्ही लावला.

तिने चित्रपट पुढे शोधून घरी पूर्ण पाहिला होता. हे आम्हाला अपेक्षित नव्हतं. ती म्हणाली, "दाखवू नका असं मी म्हणणार नाही. सगळ्या जगाने टाकलेल्या माणसांच्या तोंडी प्रार्थना दिली आहे, ते मला कळलं, ते लागलंही. पण त्या मुलांना कॅमेऱ्यापुढे उभं करताना विचारलं होतं का? त्यांना काय सांगितलं असेल? आणि माझ्या मुलाला तिथे स्वतःचं माणूस दिसलं, म्हणून तो खूश झाला होता. त्याच वेळी मागे हसत होते. मी त्याला का उठवलं, हे त्याला अजून कळलेलं नाही. तो विचारतो."

तिच्या मागण्या मोजक्या होत्या. दिलगिरी द्यायची तर काय घडलं ते स्पष्ट लिहून द्या. शाळेशी मंडळाने बोलावं, तिने नव्हे. आणि यापुढे अशा माणसांचं चित्रण असलेला चित्रपट निवडताना त्यांच्यापैकी किंवा त्यांच्या घरच्यांपैकी कुणाला तरी आधी विचारा. 8 जुलै 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दृकश्राव्य माध्यमांतल्या अपंग व्यक्तींच्या चित्रणाबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत आणि त्यांच्याविषयीचे निर्णय त्यांना सोबत घेऊन व्हावेत हे तत्त्व त्यात आहे. तिला तो निकाल माहीत होता. मंडळात कुणालाच माहीत नव्हता.

सचिवांनी तिला तिथेच सल्लागार व्हायची विनंती केली. तिने विचारलं, "मानधन काय?" सचिव गोंधळले. ती म्हणाली, "पुण्याहून पाहुणा आला तर तुम्ही जायचं-यायचं भाडं आणि पाकीट देता. मी माझं जगणंच सांगणार, ते फुकट का?" पुढच्या बैठकीत मंडळाने वक्त्याला देतात तेवढं मानधन मंजूर केलं. मला हा या प्रकरणातला सर्वांत नेमका निर्णय वाटतो. मंडळाची तिजोरी लहान आहे, म्हणून त्याला वजन आहे.

काय केलं, काय झालं

दिलगिरीचं पत्र नव्याने लिहिलं गेलं: पत्रकात चित्रपटाचं स्वरूप सांगितलं नाही, शाळकरी मुलांना बोलावलं, सभागृहात एका प्रेक्षकाला हसलं गेलं तेव्हा मंडळाच्या कुणीही उठून काही केलं नाही. नावं न घेता, पण घटना नेमकी. शाळेला तेच पत्र गेलं. शिक्षिकेने आपल्या वर्गात मुलांशी बोलून घेतलं. शाळेने मंडळाला मात्र पुढे वेळ दिली नाही आणि तो विषय तिथेच राहिला.

पावसाळ्यानंतर चित्रपट पुन्हा दाखवला, फक्त सभासदांना. महाविद्यालयातल्या मुलांनी एका पानाचा मराठी सारांश तयार केला, प्रसंगांच्या क्रमाने, म्हणजे इंग्रजी न वाचणाऱ्यालाही धागा सापडेल. सुरुवातीला पाच मिनिटांत तीन गोष्टी सांगितल्या: हा धार्मिक चित्रपट आहे, शेवट सुखाचा नाही, आणि यात बौद्धिक अक्षमता असलेल्या खऱ्या माणसांना ज्या रीतीने दाखवलं आहे त्यावर गंभीर आक्षेप आहे. मध्ये थांबायची जागा ठरवली. माणसं पहिल्या खेळापेक्षा खूप कमी आली, पण जवळपास सगळी शेवटपर्यंत बसली. वारीहून परतलेले आजोबा दोन भजनी सोबत्यांना घेऊन आले होते. त्यांच्यात चित्रपट संपल्यावर जे भांडण झालं, देवाने त्या माणसाचं ऐकलं की नाही यावर, ते सभागृहाची वेळ संपून चहाच्या गाड्यापर्यंत चाललं. भजनी मंडळींपैकी एकाचं म्हणणं होतं की आक्रोश करता येतोय म्हणजेच कुणीतरी ऐकतंय. दुसरा म्हणे, हे आपण आपल्या सोयीने म्हणायचं. सर बाजूला उभे राहून ऐकत होते.

मंडळ सोडून गेलेले काही सभासद परत आले नाहीत. निवड आता तिघांची समिती करते, सर त्यातले एक आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

पत्रकाबद्दल वर लिहिलंच आहे. त्यामागची समजूत मला जास्त खटकते. देवाधर्माचं मानणारी माणसं म्हणजे अडचण, त्यांच्यापासून चित्रपट सांभाळून न्यायचा, असं मंडळाने धरून चाललं. प्रत्यक्षात या चित्रपटाच्या गाभ्यापर्यंत सर्वांत आधी पोहोचले ते वारकरी आजोबा आणि प्रकटीकरण वाचलेल्या नर्सबाई. ज्यांच्या घरात देवाला जाब विचारायची रीत पिढ्यांपासून आहे, त्यांना असा चित्रपट परका वाटायचं कारण नाही. ज्या गावाच्या जिल्ह्यातच पंढरपूर आहे, त्याने हे ओळखायला हवं होतं. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज खांद्यावर पेलणाऱ्या गावाला श्रद्धेच्या विषयाची भीती वाटावी, हे मला दुःखाचं वाटतं.

आधी सांगितलं की परिणाम मरतो, असं सर अजूनही म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. काही चित्रपट कोरे पाहण्यातच मजा असते. पण दुसऱ्या खेळाला सगळं माहीत असूनही माणसं हादरली, हे आम्ही दोघांनी पाहिलं. माहिती दिल्याने गेला तो फक्त गोंधळ.

पहिल्या संध्याकाळी हशा झाला त्या क्षणी कुणीतरी प्रोजेक्टर थांबवून दिवे लावायला हवे होते. दोन मिनिटं. सरांना ते चित्रपटाचा भंग वाटलं असतं, आणि मलाही त्या वेळी सुचलं असतं का, सांगता येत नाही. आता मंडळाने दिवे लावायचा अधिकार दाराशी उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला दिला आहे.

मुलाच्या बाबतीत आम्ही सगळेच कमी पडलो असं मी म्हणेन. आई बोलली, आम्ही आईचं ऐकलं. तो त्या पडद्यावर कुणाला हात हलवत होता आणि पुन्हा पाहायचं आहे का, हे त्याला विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. आईनेच नंतर ते सचिवांना सुनावलं.

पुन्हा खेळ करायचा ठराव एकमताने झाला नव्हता. दोघा सदस्यांनी विरोध नोंदवला. त्यांचं म्हणणं: त्या माणसांची संमती कशी घेतली हे कळत नाही तोवर कितीही सूचना वाचून दाखवल्या तरी आपण त्यांना वापरतोच आहोत. ठरावाच्या वहीत त्यांचा विरोध कारणांसह लिहिला आहे. मी खेळाच्या बाजूने बोलले होते, पण त्यांचं म्हणणं खोडून काढता आलेलं नाही, आणि आईसुद्धा दुसऱ्या खेळाला आली नाही.